राहीबाईची ट्रिप

"अगं ये, उतर खाली! अजून भट्टी पेटली न्हाई, आन तू आदीच बसलीस व्हय जाऊन?"

शालूबाई मोटारीच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभी होती. आत, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, तिची शेजारीण राहीबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी तिने पुढची दांडी धरली होती. मोटार उभी, इंजिन थंड, चाकांखाली दगड. पण राहीबाईने दांडी अशी आवळली होती, की जणू मोटार आत्ताच उधळणार आहे.

"उतरत न्हाई. म्या उतरले आन तवर सुटली तर?"

"कशी सुटंल? ड्रायव्हर तितं लिंबाखाली दात घासतोय की!"

"सुटली तर म्हंते."

शालूबाईने नाद सोडला. तीही लुगडं सावरत आत चढली आणि राहीबाईला खेटून बसली. वीस माणसांची मोटार आणि आत दोन बायका. मागच्या बाजूला क्लीनर इलाही लोखंडी भट्टीचा पंखा गरागरा फिरवत होता. लढाई संपून महिने झाले तरी पेट्रोल मिळायची मारामार होती, म्हणून विट्याची ही सर्व्हिस मोटार अजून कोळशाच्या धुरावरच चालायची. चालायची म्हणजे तिला वाटलं तर चालायची.

खरं तर खडकेवाडीतली निम्मी आळी या ट्रिपला निघणार होती. पण दिवस कुठला ते कळलं आणि एकेकाचं पोट दुखायला लागलं. त्या दिवशी माघातली अवस होती. मोटारीचा मालक मोठा नेमाचा माणूस. कलकत्त्याला सोनं गाळून चार पैसे गाठीला बांधून आलेला. अवसेला मोटार रस्त्यावर काढायची नाही, हा त्याचा कडक नेम. सयाजी त्याचा ड्रायव्हर. त्याने मालकाच्या मागे लागून लागून परवानगी काढली होती. "नुसतीच हुबी ऱ्हानार, त्यापरीस माझ्या हवाली करा, कोळसा माझा," असं म्हणाला आणि आदल्या संध्याकाळी मोटार गावात आणून उभी केली. अवसेला बैलसुद्धा जुंपत नाहीत आणि हा मोटार जुंपतोय, असं म्हणत गाव मागे सरलं. राहीबाईला कोणी तरी हटकलं, तर ती म्हणाली, "माझं आनि काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय?" हे तिने इतक्या हौसेने सांगितलं, की हटकणाऱ्यालाच हसू आलं.

राहीबाईचं खरंच तसं होतं. ऐन तारुण्यात नवरा गेला. मागे एक पोरगा आणि पाऊस पडला तर पिकणारा माळाचा तुकडा. त्या तुकड्यावर जोंधळा काढत तिने नाथाजीला वाढवलं. नाथाजी पलटणीत भरती झाला, बोटीत बसून इटलीला गेला, आणि दोन वर्षांपूर्वी भादव्यात त्याची तार आली. गावात पलटणीतली घरं बरीच, तार म्हणजे काय ते वाचायच्या आधीच कळायचं. राहीबाईने टाहो फोडला नाही. ती दुसऱ्या दिवशी रानात तण भांगलायला गेली. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. लोकांना काही तरी म्हणावंच लागतं.

सयाजी त्याच गावचा, नाथाजीच्याच पलटणीतला लॉरी ड्रायव्हर. तो परत आला तसा आधी राहीबाईच्या सोप्यात येऊन बसला आणि मान खाली घालून जे सांगायचं ते सांगितलं. अग्नी देता आला नव्हता. जाळ दिसला तर वरून गोळे येतील म्हणून जाळ करायची बंदी होती. चौघांनी मिळून माती दिली.

"कुटं?" एवढंच तिने विचारलं.

"द्राक्षाच्या मळ्यात, मावशी."

द्राक्ष कसलं असतं ते राहीबाईला ठाऊक नव्हतं. मनुका माहीत होती, खोकल्यावर देतात ती. सयाजीने जमिनीवर काडीने वेल काढून दाखवला, तो कारल्यासारखा दिसला. शाळामास्तरांना विचारलं, तर त्यांनी हाताने मांडवासारखं काही तरी करून दाखवलं. त्यावरून काय समजायचं? तिने सयाजीच्या मागे धोसरा लावला. जागा कशी आहे, माती कशी आहे, वर काय आहे? सयाजी सांगून सांगून थकला. शेवटी तासगावच्या बाजारात त्याला कळलं, की येरळेच्या काठाला एका बागवानाचा द्राक्षाचा मळा आहे. त्याच दिवशी त्याने ठरवलं, की मावशीला तिथे घेऊन जायचं.

आता एक गोष्ट आहे, जी राहीबाईने सयाजीला सांगितली नव्हती आणि शालूबाईलाही नाही. तार आल्यापासून तिच्या कोनाड्यातली चिमणी एकही रात्र विझली नव्हती. रॉकेल रेशनवर. स्वतःचं संपलं की शालूबाई आपल्या वाट्यातलं ओतून द्यायची. गाव म्हणे, राहीबाई देवभोळी झाली. पण देवाचा यात काही संबंध नव्हता. नाथाजी लहानपणी अंधाराला भलता भ्यायचा. चिमणी विझली, की झोपेतसुद्धा त्याला कळायचं आणि "आये, दिवा!" म्हणून तो किंचाळत उठायचा. पुढे मिशा फुटल्या, खांद्यावर बंदूक आली, तरी रजेवर आला म्हणजे आईने फुंकर घालायला तोंड पुढे केलं, की हळूच म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की गं वाईच." त्यात आता सयाजीकडून कळलं, की अशा पोराला मातीखाली ठेवलंय. मेलेल्याला कसला आलाय अंधार, हे राहीबाईलाही कळत होतं. कळून काय उपयोग? ती जागा एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

म्हणून आज निघताना तिने शालूबाईच्या सुनेला दोनदा बजावलं होतं, "दिस बुडूस्तवर न्हाई आलो, तर कोनाड्यातली चिमणी तेवढी लाव गं बाई."

भट्टीने एकदाचा दम धरला. इलाहीने पुढे येऊन हँडल मारलं, मोटार खोकली, थरथरली आणि तिने काळा धूर सोडला. सयाजी फौजेतली खाकी टोपी चढवून जागेवर बसला.

"मावशे, बसलीस न्हवं?"

"कवाधरनं बसलीया! तू चल!"

आणि मोटार सुटली. राहीबाईच्या तोंडून अशी काही आरोळी निघाली, की शालूबाईने तिचा दंड धरला. पन्नाशीची बाई, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी न बसलेली. अंगावर संक्रांतीचं ठेवणीतलं लुगडं आणि पायांत शालूबाईच्या सुनेच्या वहाणा, त्याही करकर वाजणाऱ्या. जन्म अनवाणी गेलेला. पण इतक्या लांब जायचं तर पायांत काही तरी हवं, म्हणून मागून आणलेल्या.

"सयाजी, आमच्या भाऊबंदाच्या दारावरनं जाताना भोंगा वाजीव रं."

"कशापायी?"

"वाजीव म्हंते न्हवं! बारा म्हयनं तोंड फिरवून बसल्यात. बघू दे जरा."

सयाजीने भोंगा दाबला. भाऊबंद अंगणात तंबाखू मळत बसला होता, तो तसाच उठून उभा राहिला. राहीबाईने त्याच्याकडे न पाहता लांब डोंगराकडे पाहिलं, जसं काही तिला मोटारीचं रोजचंच. दोन घरं मागे पडल्यावर मात्र ती पदर तोंडात कोंबून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

गावाबाहेरच्या चढावरून तिला स्वतःचं रान दिसलं.

"शालू, ह्ये आमचं रान?"

"मंग कुनाचं?"

"एवढंसंच हाय?" जन्मभर जे खुरपून संपलं नाही ते वरून तळहाताएवढं दिसत होतं. राहीबाईला याची इतकी गंमत वाटली, की रान दिसेनासं होईपर्यंत ती मान वळवून पाहत राहिली.

शालूबाईने डब्यातून केळ काढलं. "खा आदी. काल शिवरात्रीचा उपास, आज पारणं बी न्हाई केलंस तू."

"खाईन गं. आत्ता न्हाई."

"कवा?"

"आवं शालूकाकी, सोडा की तिला," सयाजी पुढून म्हणाला. तोही रंगात आला होता. "ट्रिपला निगाल्यावर भूक लागतीया व्हय? आमी तितं आघाडीवरनं आरामाला माघारी आलो म्हंजी सायेब म्हणायचा, सयाजी, लॉरी काढ, ट्रिपला जायाचं. पोरं मागं उभी. डोंगरावरनं डोंगरावर नुसती वळणं. आन जिकडं बघंल तिकडं द्राक्ष. हजार वर्सांपासनं तेच लावत्यात म्हनं. आन त्येची दारू काढत्यात."

"दारू?" शालूबाईचं केळ हातातच राहिलं.

"व्हय. जेवताना पाण्यागत पित्यात. म्हातारी, कोतारी, समदी."

"बायका बी?"

"बायका बी."

"अगंबाई!" शालूबाईने कानाला हात लावला, पण लगेच पुढे वाकली. "आन नवरं काय म्हनत न्हाईत?"

"त्येच वतून देत्यात, काकी."

यावर दोघी बायका अशा काही हसल्या, की मागे भट्टीजवळ बसलेला इलाहीही काय झालं म्हणून डोकावला. राहीबाईने हसता हसता विचारलं, "आन नाथा? त्येनं पिली का?"

"एकडाव चाखली. थुकला. म्हनला, आमच्या आयेची ताकाची कढी हिच्यापरीस लाख पटीनं बरी."

राहीबाई खिडकीबाहेर पाहायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे भरले होते. तिने ते पुसले नाहीत. वाऱ्याने वाळतील असं तिला वाटलं असावं.

पुढच्या चढाला मोटारीने मान टाकली. इलाहीने उडी मारून चाकांखाली दगड लावले, भट्टीत सळई घातली, पंखा फिरवला. मोटार नुसती धापा टाकत राहिली. "उतरा आन जरा हात लावा," सयाजी म्हणाला. शालूबाईने कपाळावर हात मारला. "मोटारीनं आपल्याला न्ह्यायचं, का आपुन मोटारीला?" राहीबाईने मात्र गाठोडं बाकावर ठेवलं, काष्टा खोचला आणि इलाहीच्या शेजारी जाऊन अशी रेटायला लागली, की इलाही म्हणाला, "मावशी, जरा दमानं. गाडी उलटवशीला." माथ्यावर मोटार पोचली तेव्हा तिचं तोंड काजळीने माखलं होतं आणि ती विजयी दिसत होती.

माथ्यावरून खाली येरळेचं खोरं दिसलं. इकडे सगळा माळ उघडाबोडका, कुसळं वाळलेली. तिकडे नदीच्या काठाने हिरवी रेघ ओढलेली. राहीबाई बाकावर पुढे सरकली. तिने पुन्हा दांडी आवळली.

नदीच्या अलीकडे मोटार परत थांबली. भट्टीत राख साठली होती, ती काढल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. सयाजी डबा घेऊन पाण्याला खाली उतरला, इलाही राख ओढायला बसला, शालूबाई लिंबाच्या सावलीत पाय पसरून केळ खायला लागली. राहीबाईचं तिघांकडेही लक्ष नव्हतं. रस्त्याच्या खाली, विहिरीला लागून, तिला मळा दिसला होता.

उंच सडपातळ झाडं ओळीने दाटीवाटीने लावलेली, आणि प्रत्येक झाडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चढलेला वेल. सयाजीने काडीने काढला होता अगदी तसाच. राहीबाई रस्त्याच्या कडेला आली. हाच! दुसरं काय असणार? तिने कोणाला हाक मारली नाही. गाठोडं पोटाशी धरून ती बांधावरून उतरली, काट्यांच्या कुपाटीतल्या फटीतून वाकून आत शिरली.

आत शिरताच गारवा अंगाला लागला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि इथे मात्र माती ओली, मऊ. राहीबाईने खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबून पाहिली, वास घेतला. चांगली माती. तिला हायसं वाटलं. नाथाजी उन्हात पडलेला नाही, एवढं तरी कळलं. ती ओळीतून पुढे चालायला लागली.

दहा-पाच पावलं गेल्यावर तिला जाणवलं, की इथे ऊन पोचतच नाही. वरती पानावर पान चढलेलं, आभाळाची चिरसुद्धा दिसत नव्हती. आणखी पुढे तर भर दुपारी कंदील लागेल असं होतं. आवाज नाही, वारा नाही. राहीबाई थांबली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, दोन्हीकडे सारखंच. नैवेद्याला आणलेल्या गुळाच्या दशम्या तिच्या गाठोड्यात होत्या, पण गाठ सोडायला हात उचलेना. असं आहे तर. दोन वर्षं तिने ज्याची भीती बाळगली ते अगदी असंच होतं, आणि एवढ्या लांब येऊन तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कोन हाय रं तितं? ए बाई! वहाना घालून शिरलीस? वहाना!"

मळ्याचा मालक हरिबा विळा हातात घेऊन धावत आला. राहीबाईने घाबरून वहाणा काढल्या, छातीशी धरल्या आणि जशी आली तशी फटीतून बाहेर पडली. हरिबा तिच्या मागोमाग बोलतच होता. इथे घरधनीसुद्धा पाय धुऊन अनवाणी जातो, वेल सोवळ्यातला असतो, नजर लागली, की बसल्या जागी जळतो. आवाज ऐकून शालूबाई आणि सयाजी पळत आले.

"आवं चुकलं तिचं, म्हातारं मानूस हाय," सयाजी हात जोडून म्हणाला. "मावशे, तू हितं कशाला घुसलीस?"

राहीबाई उन्हात उभी होती. तिच्या काजळी माखलेल्या तोंडावरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या होत्या. "बगितला," ती म्हणाली. "बगितला तुझा द्राक्षाचा मळा. चल आता माघारी."

हरिबा चमकला. "द्राक्षाचा? आवं बाई, ह्यो पानमळा हाय! खायाची पानं. इड्याची!"

"पानं?"

"व्हय. कवा पान खाल्लं न्हाईसा का?"

राहीबाई सयाजीकडे वळली. "म्हंजी ह्यो द्राक्षाचा न्हवं?"

"न्हाई गं! द्राक्षाचा मळा म्होरं हाय, नदीच्या पल्याड."

"न्हवंच न्हवं?"

"न्हवंच!"

आणि राहीबाई हसायला लागली. चूक झाली म्हणून ओशाळून नव्हे, जिवावरचं टळल्यासारखी, खदखदून, शालूबाईच्या गळ्यात पडून. हरिबाचा राग कुठल्या कुठे गेला. वेडी आहे की काय, अशा नजरेने तो पाहत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं. त्याने आत जाऊन पानांची एक चवड आणून तिच्या हातात दिली. "घ्या. आला हायसा तर रिकाम्या हातानं जाऊ नका."

"सयाजी, चल बिगी बिगी," राहीबाई वहाणा हातातच घेऊन मोटारीकडे धावत सुटली. "इलाही, आवर की रं बाबा ती राख!"

नदीच्या पात्रातून मोटार डचमळत पलीकडे गेली. मोहिद्दीन बागवानाने आणि त्याच्या बायकोने, हाजराबीने, सयाजीचा निरोप आधीच मिळाल्यामुळे झोपडीपुढे घोंगडं अंथरून ठेवलं होतं. पण राहीबाई घोंगड्यापर्यंत पोचलीच नाही. ती बांधावरच थबकली.

इथे झाडं लांब लांब लावलेली होती. पांगारे. माघ असल्यामुळे त्यांच्या उघड्या शेंड्यांना लालभडक फुलं आली होती, आणि खाली बुंध्याला धरून द्राक्षाचे वेल चढले होते, एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे हात पसरून. पानांखाली घडच्या घड.

राहीबाईने सयाजीकडे पाहिलं. तोही जागच्या जागी उभा होता. हा मळा त्यानेही आधी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"असंच?" तिने विचारलं.

"असंच, मावशे." त्याने टोपीने पुढचा वेल दाखवला. "तितं बी झाडावरच चढिवत्यात. मला वाटलं, हितं मांडव घातला असंल. झाडं येगळी हाईत तितली. माती तांबूस हाय. पर असंच. घड बी आसंच लागलं व्हतं."

"मावशी, आमच्या वाडवडलांपासनं पांगाऱ्यावरच चढवतोय," मोहिद्दीन कौतुकाने सांगायला लागला. हाजराबीने त्याच्या बाहीला धरून त्याला हळूच मागे ओढलं. तिला कळलं होतं, की ही बाई द्राक्षं पाहायला आलेली नाही.

राहीबाईने वहाणा बांधावर ठेवल्या आणि अनवाणी आत गेली. इथे कोणी काढायला सांगितलं नव्हतं. एका वेलाखाली ती थांबली, माती चाचपली, वर पाहिलं. मग तिने गाठोडं बाजूला ठेवलं आणि सरळ जमिनीवर आडवी झाली.

"अगं बया! राही!" शालूबाई ओरडली. "म्हनत हुते, काय तरी खा! चक्कर आली तिला!"

"गप गं. काय झालं न्हाई मला." राहीबाई झोपल्या जागेवरून म्हणाली. "बगू दे जरा. सयाजी, त्येचं डोकं कुटल्या अंगाला हाय?"

सयाजीला क्षणभर समजलंच नाही. मग तो जवळ येऊन तिच्या पायाशी उकिडवा बसला. "उगवतीला."

राहीबाई उठली, फिरली आणि उगवतीला डोकं करून पुन्हा झोपली. हात अंगाशी सरळ धरले. ठेवणीतलं लुगडं मातीत लोळत होतं.

"काय पांघरलं व्हतं अंगावर?"

"चादर. पांढरी. मळ्याच्या मालकिनीनं घरातनं आनून दिली. म्हातारीच व्हती. आमी समदी तिला मम्मा म्हनायचो. तिनंच हात जोडून दावलं, हितं ठेवा, ह्या वेलाखाली. चांगला वेल हाय म्हनून."

"तिला पोरं?"

"एक हुता. त्यो बी लढाईवरच. आला का न्हाई, ठावं न्हाई."

राहीबाई वर पाहत राहिली. दुपार कलली होती. पानांच्या पाठीमागून ऊन येत होतं आणि पानं हिरवी न दिसता पिवळीधमक दिसत होती. वाऱ्याने ती हलली, की उन्हाचे कवडसे तिच्या तोंडावरून, हातांवरून, मातीवरून फिरायचे. डोळ्यांच्या अगदी वर एक घड लोंबत होता. त्याच्या एकेका मण्यात ऊन शिरलं होतं, इतकं, की आतली बी दिसत होती.

"दिवं लावल्यागत दिसतंय रं," ती म्हणाली.

सयाजीने मान वर करून तो घड पाहिला.

"आन थंडीत? पानं झडत असतील न्हवं?"

"थंडीत समदी झडत्यात. एक बी ऱ्हात न्हाई. मंग काय, सरळ आभाळच. दिसभर ऊन भुईवर."

"बरं झालं," राहीबाई म्हणाली. "लय बरं झालं." आणि दोन वर्षांत एकदाही मोठ्याने न रडलेली ती बाई तिथे, उताणी, कवडशांत, मोकळेपणाने रडली. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत जात होतं. शालूबाई पुढे व्हायला निघाली, तर हाजराबीने तिला हाताने थांबवलं.

उठल्यावर तिने दशम्या वेलाच्या मुळाशी ठेवल्या, हरिबाची पानं त्यावर ठेवली, हात जोडले. मोहिद्दीनने तिच्यासाठी पिकलेला घड तोडून आणला. "खा मावशी. आमच्या मळ्याचा हाय." तिने घड दोन्ही हातांत घेतला, तोंडात मात्र घातला नाही. पदराच्या टोकात नीट बांधला आणि म्हणाली, "घरी खाईन, बाबा. घरी गेल्यावर." मग हाजराबीच्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली.

परतीच्या वाटेवर मोटारीने व्हायचा तो त्रास दिलाच. दोनदा रेटावी लागली. राहीबाईने दोन्ही वेळा रेटली आणि मधल्या वेळात शालूबाईला वेलाबद्दल असं काही समजावून सांगितलं, की जणू तिनेच तो लावला होता. छाटणी कशी करत असतील, पांगाऱ्याला पाणी लागतं का, खडकेवाडीत विहिरीच्या कडेला एक लावला तर? शालूबाई हूं हूं करत पेंगत होती.

खडकेवाडीत पोचायला दिवस बुडाला. अवसेचा अंधार झपाट्याने उतरला होता. गावाने लांबूनच पाहिलं, की मोटार शाबूत आली आहे आणि बायकाही, तेव्हा दिवसभर पोट दुखत असलेल्या बऱ्याच जणांना हुशारी वाटली. राहीबाई कोणाशी न बोलता घरात गेली. शालूबाईची सून सांगितल्याप्रमाणे आली होती. कोनाड्यातली चिमणी तेवत होती.

राहीबाई चिमणीपुढे थोडा वेळ उभी राहिली. मग तिने वाकून फुंकर घातली.

"आवं आत्ती! अवस हाय आज!" सून दारातून म्हणाली.

"असू दे गं. तुमचं राकेल वाया जातंया उगीच. उरल्यालं घेऊन जा जाताना."

सून गेली. राहीबाई अंधारात भिंतीला टेकून खाली बसली, पदराची गाठ चाचपून सोडली, आणि एकेक मणी तोंडात टाकत तिने शिवरात्रीचा उपास सोडला.